अर्धा र

माझा स्वभाव संशयी आहे आणि माझं पोट त्याच्यावरच चालतं. जयपूरच्या ज्या ऑफिसात मी काम करते तिथे आम्ही वेबसाईटची पानं स्वच्छ करणारी एक लायब्ररी सांभाळतो. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. पुन्हा पुन्हा लागणारं काम एकदाच नीट लिहून ठेवायचं आणि ज्याला हवं त्याने ते आपल्या प्रोग्रामात वापरायचं, अशी ती अवजारांची पेटी.

तुम्ही बातमी वाचायला एखादं पान उघडता तेव्हा तुम्हाला बातमी दिसते. मला झाड दिसतं. कॉम्प्युटरच्या लेखी कुठलंही पान म्हणजे एक उलटं झाड असतं. वर मूळ, मुळाला फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि अगदी खाली कुठेतरी चार ओळींचा मजकूर. बाकी सगळा पालापाचोळा. जाहिरातींची खोकी, कप्प्यात कप्पा त्यात कप्पा आणि आत काहीच नाही, तुम्ही किती वेळ वाचता त्यावर पाळत ठेवणारं ठिपक्याएवढं चित्र, पांढऱ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली वाक्यं. आमची लायब्ररी नको त्या फांद्या छाटते, रिकामे कप्पे काढते आणि मजकूर तेवढा हातात देते. काय छाटायचं याचे नियम मात्र माणसाला लिहावे लागतात, आणि त्यातले बरेच मी लिहिलेले आहेत. जे डोळ्यांना दिसत नाही ते तिथे कशाला आलं, हा माझा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर मिळालं नाही की मी ते काढून टाकते. ऑफिसात या गोष्टीचं कौतुक होतं.

घरी होत नाही. दूधवाल्याने न विचारता अर्धा लिटर जास्त घातलं तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. आता हा उद्या काय मागणार? वडील म्हणतात, तू पोलिसात पायजे होती. ते स्वतः काही कमी नाहीत. रेल्वेत सिग्नलच्या खात्यात आयुष्य गेलं त्यांचं, दिवा हिरवा दिसला तरी तार हाताने ओढून बघणारा माणूस. अकोल्याहून जयपूरला मीटर गेजची थेट गाडी होती त्या काळात त्यांची बदली इकडे झाली. मी तेव्हा दोन वर्षांची होते. निवृत्त झाल्यावर परत जायचं म्हणता म्हणता विद्याधर नगरात फ्लॅट घेतला आणि इथलेच झाले. बोलणं मात्र वऱ्हाडीच राहिलं, त्यात दर चार वाक्यांमागे एक 'मतलब' घुसला, एवढंच.

माझं तसं नाही. मराठी मी घरात ऐकून शिकले आणि अक्षरं शाळेत, हिंदीच्या तासाला. लिपी एकच असल्यामुळे मला मराठी वाचता येतं असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मीही धरलं. आता हे लिहिते आहे ते मराठी अलीकडचं आहे, कसं आलं ते पुढे कळेलच.

आई गेल्यावर वडील लिहायला लागले. रेल्वे कॉलनीतल्या आठ-दहा मराठी घरांनी मिळून कधीकाळी एक फुकटची वेबसाईट उघडली होती. कोणाच्या मुलीचा निकाल, कोणाकडे गणपती, कोणाकडे जयंतीचा कार्यक्रम, असलं सगळं त्यावर असायचं. हळूहळू बाकीच्यांनी सोडून दिलं आणि बाबा एकटे उरले. दर रविवारी एका बोटाने टाइप करत ते आईबद्दल एक पान लिहायचे. तिने इथल्या बाजरीच्या पिठाशी कशी दोस्ती केली, भाजीवालीशी ती वऱ्हाडीत बोलायची आणि भाजीवाली इथल्या ढूंढाडी बोलीत, तरी भाव कसा ठरायचा, आमेरच्या बसमध्ये ती एकदा कशी हरवली आणि डब्यातली चटणी वाटून अख्ख्या बसची ओळख करून कशी घरी आली. मी ती पानं फारशी वाचली नव्हती. हे सांगताना मला लाज वाटते, पण खरं आहे. आई गेल्याची पानं वाचायला मन होत नाही असं मी म्हणायचे, आणि ते अर्धंच खरं होतं. वाचायला मला वेळ लागायचा, हे उरलेलं अर्धं.

मग एके दिवशी फुकट जागा देणाऱ्या कंपनीने कळवलं की अमुक दिवसानंतर सगळी पानं पुसली जातील. बाबांनी मला बोलावलं. कागदावर त्यांनी काही उतरवून ठेवलेलं नव्हतं, सगळं तिथेच.

"थे सारं काढून दे," ते म्हणाले. "छापून दे मले. तिच्या स्मृतिदिनाले अकोल्याले जायचं हाये. तुह्या मामाच्या हाती द्यायचं हाये थे."

मामा म्हणजे आईचा एकच भाऊ. तो लग्नाकार्यात स्वयंपाक करतो, मोठमोठ्या कढयांवर. आजोबाही तेच करत. आईच्या माहेरच्या माणसांनी तिचं जयपूर कधी पाहिलं नव्हतं. ती तिकडे कशी जगली ते त्यांना कळावं, बाबांना एवढंच हवं होतं. स्मृतिदिनाला तीन आठवडे होते.

मला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ वाटलं. पानं उतरवली, आमच्या लायब्ररीतून घातली. त्या फुकट वेबसाईटची पानं म्हणजे उकिरडा होता. प्रत्येक पानाभोवती जाहिरातींचे दहा थर, बाबांच्या एकेका ओळीला सहा-सहा रिकाम्या कप्प्यांचं वेष्टन. पाच मिनिटांत सगळं झाडून निघालं. शुद्ध मजकूर. त्याची छपाई केली, शिवून घेतली, वर जवळच्या बगरू गावातल्या छाप्याचं गडद लाल कापड लावून घेतलं. शनिवारी सकाळी बाबांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी कापडावरून हात फिरवला आणि ते घेऊन बाल्कनीत जाऊन बसले. मी खूश होते.

तीन दिवस ते भिंग घेऊन वाचत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "हे छापायच्या आंधी कोनं वाचलं?"

"कोणी नाही."

"कोनाच्या हाती गेलं होतं?"

"झेरॉक्सवाल्याच्या. का?"

"काही नाही," ते म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

'काही नाही' हे उत्तर मी ऑफिसात कधी खपवून घेत नाही. रिकामा म्हणून सांगितलेल्या कप्प्यात हमखास काहीतरी असतं. बाबा आत गेल्यावर मी ते पुस्तक उघडलं आणि मिळेल तिथे वाचलं. मला एकही चूक दिसली नाही. ओळी जागच्या जागी, परिच्छेद जागच्या जागी. एकही पान गाळलेलं नव्हतं, मी आकडे पुन्हा जुळवले.

मग मला दुसराच संशय आला आणि तो आला की जात नाही असा होता. बाबा सत्तरीच्या पुढे आहेत. आपण काय लिहिलं ते त्यांना आठवत नसेल तर? आपलंच लिहिणं परकं वाटत असेल तर? मी चोरून परीक्षा घ्यायला लागले. काल भाजी कोणती होती हो बाबा? खालच्या मजल्यावरच्या आजींच्या नातवाचं नाव काय? सिग्नलच्या खात्यातल्या तुमच्या साहेबांची बदली कुठे झाली होती? तीन-चार दिवस त्यांनी मुकाट्याने उत्तरं दिली, सगळी बरोबर. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आज मंगळवार हाये. पंतप्रधान कोन हाये थे बी सांगू का?"

त्याच दिवशी ते लाल पुस्तक बाल्कनीतून गायब झालं. बाबांच्या लोखंडी ट्रंकेला मी कधी कुलूप पाहिलं नव्हतं, आता लागलं होतं. म्हणजे मी त्यांच्यावर नजर ठेवून होते आणि ते माझ्यावर. एका फ्लॅटमध्ये दोन माणसं, दोघंही एकमेकांना ताकास तूर लागू देत नव्हती. आई असती तर दोघांनाही खडसावून मोकळी झाली असती.

गुरुवारी ते मामाशी फोनवर बोलत होते. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि मी बाहेर उभी राहून ऐकलं. चोरून ऐकलं असंच म्हणायला हवं.

"मी येतो," ते म्हणत होते. "पन थे पुस्तक काही आनत नाही यंदा. नाही नाही, तब्येत बरी हाये. झालं नाही नीट."

मी दार ढकललं. माझा आवाज चढला होता. "काय नीट झालं नाही? आठ दिवस तोंड मिटून बसलाय तुम्ही. मला सांगायचं नाही आणि मामाला सांगायचं?"

बाबांनी फोन ठेवला. ट्रंकेचं कुलूप काढलं, पुस्तक काढलं, एक पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. "ती आचार्याची मुलगी होती आणि त्याचा तिला फार अभिमान होता."

"पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. आचार्याची मुलगी.

"मी असं लिवलं नाही," बाबा म्हणाले. "मी लिवलं होतं आचाऱ्याची. आ-चा-ऱ्याची. स्वयंपाक करनाऱ्या मानसाची. तिचा बाप पाचशे मानसाची पंगत एकटा उठवे. थो काही पोथ्या वाचनारा आचार्य नव्हता."

मी म्हटलं, एकच तर आहे. तसंच तर लिहितात.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. रागापेक्षा वाईट होती. एखाद्याबद्दल आपल्याला जे वाटत होतं तेच शेवटी खरं निघालं, असं काहीतरी तिच्यात होतं.

"तुले लाज वाटली," ते म्हणाले. "तुह्या ऑफिसात, तुह्या मैत्रिणीत कोनी वाचन, तं आजोबा आचारी होता हे दिसाले नको. मतलब, एका अक्षराचं काम. तुले वाटलं म्हाताऱ्याच्या ध्यानात येनार नाही."

मी खूप चिडले. इतकी की मला मराठी सुचेना, मी हिंदीत भांडले. मी म्हटलं, तुमचा अविश्वास म्हणजे हद्द झाली, स्वतःच्या मुलीवर? मी तुमचं एक अक्षर बदललेलं नाही, मला तर ते अक्षर दिसतसुद्धा नाही. ते म्हणाले, थेच तं. आणि पुस्तक पुन्हा ट्रंकेत गेलं.

मी लॅपटॉप उघडला. जुनं पान वेबसाईटवर अजून होतं, पुसायला पाच दिवस बाकी होते. ते एका बाजूला ठेवलं आणि आमच्या लायब्ररीतून निघालेलं दुसऱ्या बाजूला. तीच ओळ शोधली. आधी काहीच दिसेना. मग अक्षरं मोठी केली, इतकी की अख्ख्या पडद्यावर एकच शब्द मावला, आणि तेव्हा दिसलं. आमच्या पानावर य च्या डोक्यावर रफार होता, जसा मी शाळेत शिकले, आर्य, सूर्य, आचार्य. बाबांच्या पानावर य च्या डोक्यावर काही नव्हतं. त्याच्या आधी, खालच्या अंगाला, एक छोटी आडवी वळलेली रेघ होती, गवत कापायच्या विळ्यासारखी. ती मी जन्मभर पाहिली होती आणि कधीच पाहिली नव्हती. हिंदीत ती नसते. माझ्या डोळ्यांनी ती दिसली की आपोआप तिचा रफार करून टाकायचा, ही सवय मला सहा वर्षांच्या वयात लागली असणार.

मग मी पुढे वाचत गेले. दुसऱ्या, पायऱ्या, साऱ्या, म्हाताऱ्या. बाबांच्या पानावर सगळीकडे तो विळा होता आणि आमच्या पानावर सगळीकडे रफार. पहिल्याच पानाच्या पहिल्याच ओळीत 'आम्ही वऱ्हाडातले' असं होतं, त्याचं आमच्याकडे 'आम्ही वर्हाडातले' झालं होतं. बाबांच्या गावाकडच्या मुलखाचं नावसुद्धा मी नीट ठेवलं नव्हतं. आणि बाबांना त्या शेकडो चुकांमधली एकच टोचली होती, कारण बाकीच्या ठिकाणी शब्द नुसता वेडावाकडा झाला होता, तिथे मात्र त्याचा अर्थ बदलला होता.

आता मला गुन्हेगार हवा होता. तो मला लगेच सापडला. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी, माझ्याहून वयाने मोठी एक बाई आहे, जयपूरचीच. त्याच महिन्यात तिने लायब्ररीत हिंदी पानांसाठी काही सुधारणा केल्या होत्या. तिने एकदा मला हसत म्हटलं होतं, "आपकी मराठी भी तो हिंदी ही है, बस थोड़ी टेढ़ी लिखते हो." मी ते विसरले नव्हते. मला खात्रीच पटली की हिने मराठी शब्द सरळ करून हिंदी वळणाचे करणारा काहीतरी नियम घुसवला आहे. शुक्रवारी सकाळी मी तिच्या टेबलाजवळ गेले आणि, आता सांगायला हरकत नाही, चारचौघांत बोलले. माझ्या वडिलांचं लिखाण खराब झालं म्हणाले. दुसऱ्याच्या भाषेत हात घालायच्या आधी विचारायची पद्धत असते म्हणाले.

तिने शांतपणे माझा लॅपटॉप आपल्याकडे ओढला. दोन्ही शब्द पाहिले. "मुझे तो दोनों एक ही दिख रहे हैं," ती म्हणाली. मग तिने कॉम्प्युटरला दोन्हीमधली चिन्हं मोजायला लावली. कॉम्प्युटर मोजताना डोळ्यांवर विसंबत नाही, एकेक चिन्ह वेगळं काढतो. बाबांच्या शब्दात एक चिन्ह जास्त निघालं. र चा पाय मोडल्यावर आणि य च्या आधी एक चिन्ह होतं ज्याला आकार नाही, रुंदी नाही, छापलं तर काहीच उमटत नाही. त्याचं काम एवढंच की शेजारच्या र ला सांगायचं, वर चढू नकोस, इथेच अर्धा राहा. बाबांच्या जुन्या कीबोर्डने प्रत्येक ऱ्या मध्ये ते घातलं होतं.

आणि आमच्या लायब्ररीत एक नियम होता. ज्या चिन्हांना रुंदी नाही ती सगळी काढून टाकावीत. अशा चिन्हांचा लबाड लोक गैरवापर करतात हे खरंच आहे, नको ते शब्द मधूनच तोडून लपवतात. कोणत्या ओळीत कोणी कधी काय लिहिलं याची नोंद प्रोग्रामात राहते. तिने ती नोंद उघडली. तो नियम तिचा नव्हता. दोन वर्षांपूर्वीचा होता, माझा होता, आणि त्यावर माझ्याच हातची टीप होती: दिसत नाही, म्हणजे कचरा.

मी तिची माफी मागितली, तीही चारचौघांत, कारण आरोपही तसाच केला होता. ती म्हणाली, "अगली बार पहले लाइन देख लिया कीजिए, फिर मेरे पास आइए." आणि मग, मला वाटलं नव्हतं, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि तिने विचारलं की मराठीत हे चिन्ह कुठे कुठे येतं. मला सांगता आलं नाही. आम्ही दोघींनी मिळून बाबांचीच पानं चाळून यादी केली. ऱ्य आणि ऱ्ह. दुपारपर्यंत नियम सुधारला. र आणि पुढच्या अक्षराच्या मध्ये ते चिन्ह असेल तर हात लावायचा नाही.

मी सगळी पानं पुन्हा काढली, छापली. या वेळी प्रत्येक पान स्वतः वाचलं, संध्याकाळ होईपर्यंत, बोट ठेवून, जसं बाबा टाइप करतात तसं. माझी आई मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचायला मिळाली. आमेरच्या बसमधल्या चटणीला हसले आणि शेवटच्या दवाखान्याच्या पानावर ऑफिसात बसून रडले, लपवलं नाही.

घरी आले ती जिंकून आल्याच्या थाटात. बाबा बाल्कनीत बसले होते. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, सगळं समजावून सांगितलं. हे झाड, ही फांदी, हे न दिसणारं चिन्ह, हा माझा नियम, ही तारीख. दोन वर्षांपूर्वीचा आहे बघा, तेव्हा तुमच्या पुस्तकाचा विषयही नव्हता. सिग्नलवाल्या माणसाला पुरावा लागतो, तो मी आणला होता. त्यांनी भिंग लावून सगळं पाहिलं. नवीन छापील पानावर 'आचाऱ्याची' वर बोट ठेवलं.

"बरोबर," ते म्हणाले. "मशीननं केलं. तुह्यावर संशय घेतला थे चुकलं माह्यं."

मी म्हटलं, जाऊ द्या. मनातून मात्र मला हे हवंच होतं, आणि मी आणखी थोडं ऐकायला थांबले.

"पन मले संशय आला थो उगाच नाही आला," ते म्हणाले. "तू सहावीत होती. शाळेत मीटिंग होती, आईबापाची. तुह्या संस्कृतच्या मॅडम आल्या आमच्याजवळ. तुह्या आईले म्हने, आपके पिताजी तो आचार्य हैं, बच्ची ने बताया. घर में संस्कृत का वातावरण होगा."

मी विसरले होते. विसरले होते असं म्हणते आहे, पण माझ्या स्वभावाप्रमाणे त्यावरही संशय घ्यायला हवा. कारण बाबांनी तो शब्द उच्चारताच सगळा वर्ग डोळ्यांपुढे आला. मॅडम एकेकीला विचारत होत्या, घरात संस्कृत कोणाला येतं. कोणाचे दादाजी पंडित, कोणाचे नानाजी वैद्य. माझी पाळी आली. घरी आजोबांना आचारी म्हणतात हे मला माहीत होतं. आचारी म्हणजे काय हेही पक्कं माहीत होतं. इथे हा शब्द कोणाला कळत नाही, हेसुद्धा माहीत होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, मेरे नाना आचार्य हैं. मॅडम खूश झाल्या. एकच अक्षर होतं.

"मग?" मी विचारलं. "आई काय म्हणाली मॅडमना?"

"जी, म्हने." बाबा रस्त्याकडे पाहत होते. "मान हालवून, जी. आपल्या बापाबद्दल इचारलं अन् तिनं जी म्हटलं. तू बाजूलेच उभी होती, तुह्या मैत्रिणी होत्या."

मला ते आठवत नाही. किती आठवायचा प्रयत्न केला तरी आई तिथे दिसत नाही, मॅडम दिसतात, माझे स्वतःचे बूट दिसतात. मी बाबांना म्हटलं की हे पान तर पुस्तकात नाही, तुम्ही हे कुठेच लिहिलेलं नाही.

"थे माह्यं नाही," ते म्हणाले. "थे तुहं हाये. लिवायचं तं तू लिव."

ते पान मी लिहिलं. त्यासाठी मराठी लिहायला शिकले, बाबांनी चार वेळा तपासलं आणि दर वेळी लाल पेनाने अर्धे र दुरुस्त केले. मामाच्या हातात पुस्तक पडलं तेव्हा ते शेवटचं पान होतं. त्याने ते माझ्यासमोर वाचलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पंगतीची वेळ झाली म्हणून उठून गेला. मला वाटलं होतं की आता मोकळं वाटेल. वाटलं नाही.

बाल्कनीत त्या संध्याकाळी मी बाबांना आणखी एक विचारलं होतं, ते मी त्या पानात लिहू शकले नाही. मीटिंगहून घरी आल्यावर आई माझ्याबद्दल काय म्हणाली, असं. ती रागावली असेल, रडली असेल, निदान बाबांशी काही बोलली असेल, अशी माझी समजूत होती.

"काही नाही," बाबा म्हणाले. "पातोडीची भाजी केली तिनं. तिच्या बापानं शिकवली होती थे. तू दोनदा घेतली."